क्लबच्या मालकाशी भांडायचंय? आधी त्याचा पैसा कुठून येतो ते बघा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पटकन शिरत नाही, ती म्हणजे फुटबॉल टीमला मालक असतो. आमच्याकडं टीम पेठेची असते. पाटाकडील असू दे, दिलबहार असू दे, प्रॅक्टिस असू दे, वर्गणी गोळा होते, तालमीत बैठक बसते, कुणीतरी पोरांच्या बुटांचे पैसे देतो, आणि शाहू स्टेडियमवर मॅच हरली तर ज्याला बोलायचं तो माणूस गल्लीतच राहतो. इंग्लंडला आलो, खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचं सीझन तिकीट घेतलं (नाव मुद्दाम लिहीत नाही), पोरीला घेऊन दर शनिवारी ग्राउंडवर जायला लागलो, आणि तिसऱ्या वर्षी कळलं की स्टाफचे पगार लेट होतायत, प्लेअर विकले जातायत, आणि ज्याच्या एका सहीवर हे सगळं चाललंय तो माणूस वर्षभरात एकदाही मॅचला आलेला नाही.

मग आंदोलनात पडलो. पहिलं वर्ष आमचं जवळजवळ वाया गेलं, कारण आम्ही फक्त ओरडत होतो. दुसऱ्या वर्षी थोडी अक्कल आली. इंग्लंडमध्ये राहणारे, भारतातून लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर युनायटेडसाठी रात्री जागणारे, आणि आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) क्लबमागं फिरणारे बरेच मराठी लोक विचारत असतात की मालकाविरुद्ध नक्की करायचं काय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं काम कागदांचं, बॅनरचं नाही

सगळ्यांना आधी बॅनर रंगवायचा असतो. थांबा. इंग्लंडमध्ये प्रत्येक कंपनीचे हिशोब कंपनीज हाऊसच्या साइटवर फुकट बघायला मिळतात. क्लबच्या कंपनीचं नाव टाका, फायलिंग हिस्टरी उघडा आणि तीन गोष्टी शोधा. शेवटचे अकाउंट्स वेळेवर भरलेत का, कंपनीवर कर्जापोटी कुणाचा बोजा आहे (तिथं त्याला चार्ज म्हणतात), आणि खरा ताबा कुणाकडं आहे. आमच्यातला एक रिटायर्ड अकाउंटंट आणि मी, दोघं एका रविवारी रात्री किचन टेबलवर लॅपटॉप घेऊन बसलो, त्यानं चष्मा वर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे वाच परत." ग्राउंड क्लबच्या नावावर राहिलंच नव्हतं. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीत सरकवलं होतं आणि क्लब स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला होता. दोन वर्षं आम्ही कोचला शिव्या देत होतो आणि खरी गोष्ट त्या पीडीएफच्या सतराव्या पानावर पडून होती.

हे का महत्त्वाचं, तर प्रत्येक मालकाची नस वेगळी असते. कुणाचं पोट तिकिटांवर चालतं, कुणाचं टीव्हीच्या पैशावर, कुणाला जमीन हवी असते, कुणाला क्लब फक्त मिरवायला हवा असतो, आणि कुणी सगळं कर्जावर उभं केलेलं असतं. ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड साधारण ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा भाग उसना होता, आणि ते ओझं शेवटी अशा क्लबच्या डोक्यावर आलं ज्याच्यावर आधी कर्जच नव्हतं. लिव्हरपूलमध्ये २००७ ला हिक्स आणि जिलेट आले तेही कर्ज काढूनच. पण तिथल्या लोकांनी बरोबर ओळखलं की ह्या दोघांचा जीव बँकेच्या मुदतीत अडकलाय. २०१० मध्ये परतफेडीची तारीख जवळ आली आणि हिक्स नवीन कर्ज शोधायला लागला, तेव्हा जो जो त्याला पैसे देऊ शकेल त्या त्या बँकेला आणि फंडाला चाहत्यांनी ईमेल पाठवून पाठवून नकोसं केलं. दारात उभं राहून घोषणा देण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे, पण नस तिथं होती. ऑक्टोबर २०१० मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं आणि क्लब ३० कोटी पौंडांना नव्या मालकांकडं गेला. हिक्सनी आणि जिलेटनी तो परत कधी बघितला नाही.

तेव्हा एका कागदावर लिहून काढा, आपल्या मालकाला वर्षाला पैसा कुठून किती येतो आणि कुणाला तो घाबरतो. बँक, स्पॉन्सर, लीग, नगरपालिका, त्याच्या गावचा पेपर, त्याचा दुसरा धंदा. बाकीचं सगळं ह्या कागदावरून ठरवायचं.

आणि ग्राउंडच्या जमिनीवर त्याचा डोळा असेल तर एक काम आजच करा. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली स्थानिक गटाला ग्राउंडची नोंद समाजासाठी मोलाची जागा म्हणून कौन्सिलकडं करून घेता येते. रजिस्टर संस्था नसली तरी २१ स्थानिक मतदारांचा गट अर्ज करू शकतो. ओल्ड ट्रॅफर्डचीसुद्धा अशी नोंद झाली होती. त्यानं विक्री कायमची अडत नाही, मालक तुम्हालाच विकायला बांधील नाही, पण विकायला काढलं की तुम्हाला बोली उभी करायला सहा महिन्यांपर्यंतचा वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे गुपचूप व्यवहार होत नाही. नोंद पाच वर्षं टिकते, संपायच्या आत परत करायची, हे लोक विसरतात.

मागणी एका वाक्यात बसली पाहिजे

आमची पहिली मागणीपत्रिका साडेतीन पानांची होती. त्यात स्टॉलवर खायला मिळणाऱ्या पाईचे भाव होते, टॉयलेट होतं, कोचचं कॉन्ट्रॅक्ट होतं, मालकाचा राजीनामा होता. क्लबनं त्यातलं टॉयलेट उचललं, दोन नळ बदलले आणि फोटो टाकला, की बघा आम्ही लोकांचं ऐकतो.

लिव्हरपूलचं २०१६ चं उदाहरण मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो. नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड ठरलं. लोकांनी काय केलं, तर ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्धच्या मॅचला ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालायला लागले. टीम २-० ने पुढं होती. लोक बाहेर पडले आणि संडरलँडनं दोन गोल मारून मॅच २-२ केली. चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ चं तिकीट रद्द केलं आणि महागातलं तिकीट ५९ पौंडांवर गोठवलं. बघा त्यात काय काय जमून आलं. आकडा एक, मिनिट तोच, कृती कुणालाही जमेल अशी, कायदा मोडला नाही, टीव्हीवर आपोआप दिसलं, आणि मालकाला मान्य करायला सोपं. "मालक चालता हो" ही मागणी चुकीची नाही, कधी कधी तीच एक खरी मागणी असते, पण ती पूर्ण व्हायला घेणारा लागतो, आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून मोठ्या मागणीच्या पोटात छोट्या मागण्या ठेवा, ज्या ह्या सीझनला मिळू शकतात. हिशोब जाहीर करा. ग्राउंड क्लबच्या नावावर परत आणा. विकायचा असेल तर किंमत सांगा. एक मिळाली की लोकांचा जोर टिकतो.

माणसं जमवताना

एक जण पुढारी झाला की आंदोलन त्याच्या नावानं ओळखलं जातं आणि क्लब मग त्या एकालाच बोलावून चहा पाजतो. आमचं तसंच झालं होतं, त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, पण बोर्डरूममध्ये बसून आल्यावर तो प्रत्येक वाक्य "त्यांचीही बाजू आहे" असं सुरू करायला लागला आणि अर्धी माणसं निघून गेली. त्यानंतर नियम केला की मालकाच्या मीटिंगला कमीत कमी तिघं जाणार, बाहेर आल्यावर त्याच रात्री लेखी वृत्तांत सगळ्यांना जाणार, आणि गुप्ततेच्या कागदावर सही कुणी करणार नाही.

इंग्लंडमध्ये बहुतेक क्लबना सपोर्टर्स ट्रस्ट आहे, म्हणजे एका सभासदाला एक मत असलेली रजिस्टर संस्था, आपल्या सहकारी सोसायटीसारखीच. नसेल तर फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन काढायला मदत करते. बँक खातं दोन सह्यांचं ठेवा, जमलेल्या पैशाचा हिशोब दर महिन्याला टाका. ज्याच्यावर आपण हिशोब लपवतो म्हणून बोट दाखवतोय त्याच्यासारखं आपण वागून चालणार नाही, आणि तो तेच शोधत असतो.

म्हाताऱ्या सभासदांना सोडू नका. चाळीस-पन्नास वर्षं एकाच सीटवर बसलेला माणूस बॉयकॉटला पटकन तयार होत नाही, त्याचा शनिवार तेवढाच असतो. आमच्या स्टँडमधले एक आजोबा म्हणाले, "मी किती सीझन बघणार अजून, आणि त्यातला एक तू मला घरी बसवतोस?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. त्यांना आम्ही आत बसूनच करायचं काम दिलं, रिकाम्या सीट मोजायचं. ते दर मॅचला ब्लॉकनुसार आकडे लिहून आणायचे, आणि क्लब जो हजेरीचा आकडा सांगायचा (त्यात विकलेली पण न आलेली सीझन तिकिटंही धरतात) तो आणि आजोबांचा आकडा शेजारी शेजारी छापला की गावच्या पेपरला बातमी मिळायची.

बॉयकॉट, आणि तो कुणाच्या पोटावर येतो

ब्लॅकपूलचं उदाहरण सगळ्यात मोठं. क्लब २०१०-११ ला प्रीमियर लीगमध्ये खेळला, तो पैसा टीमवर दिसला नाही, ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध लोक पेटले आणि ठरवलं की ह्यांना आता एक पैसाही द्यायचा नाही. काही सीझन हजारो लोक होम मॅचला गेले नाहीत. बाहेरगावच्या मॅचला गेले, कारण तिथल्या तिकिटाचा पैसा ऑयस्टनच्या खिशात जात नव्हता. हा बारीक विचार लक्षात ठेवा. पण खरं सांगायचं तर एकट्या बॉयकॉटनं मालक गेला नाही. क्लबमधला छोटा भागीदार बेलोकॉन कोर्टात गेला, नोव्हेंबर २०१७ मध्ये हायकोर्टानं ऑयस्टनना ३ कोटी १० लाख पौंडांहून जास्त रक्कम द्यायला सांगितलं, ती वेळेवर निघाली नाही आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टानं रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन येणं वसूल करणारा माणूस, नेमला. ९ मार्च २०१९ ला साउथएंडविरुद्ध लोक परत आत गेले, पंधरा हजारांवर माणूस, मोठी माणसं पायऱ्यांवर उभी राहून रडत होती. बॉयकॉटनं काय केलं, तर इतकी वर्षं मालकाला क्लबमधून आरामात जगू दिलं नाही आणि सगळ्या देशाला रिकाम्या खुर्च्या दाखवल्या.

शेफील्ड वेन्सडेचं ताजं आहे. तेव्हाचा मालक डेयफॉन चान्सिरी, पगार पुन्हा पुन्हा लेट, आणि २२ ऑक्टोबर २०२५ च्या मिडल्सब्रोविरुद्धच्या होम मॅचवर लोकांनी बॉयकॉट टाकला. दोन दिवसांत क्लब प्रशासकाच्या हातात गेला (देणी भागत नाहीत तेव्हा कारभार मालकाकडून काढून अशा बाहेरच्या माणसाकडं देतात) आणि लीगमधले १२ पॉइंट कापले गेले. आणि मग तेच लोक तिकिटं आणि शर्ट घ्यायला रांगा लावून उभे, कारण आता पैसा क्लबला मिळणार होता. किती स्वच्छ हिशोब आहे बघा, पैसा मालकाला जातोय तोवर बंद, क्लबला जातोय म्हटल्यावर चालू. हे आधीच लिहून जाहीर करा, की अमुक झालं की आम्ही परत येणार. नाहीतर लोकांना वाटतं तुम्ही टीमच्याच विरुद्ध आहात.

आणि हे १२ पॉइंट विसरू नका. क्लब प्रशासकाकडं गेला की शिक्षा टीमला होते, तळाला असाल तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाता. हे परवडणार आहे का, ह्यावर सभासदांचं मत घ्या, कमिटीनं परस्पर ठरवू नका.

आता जे आमच्याकडून चुकलं ते. आम्ही आतल्या स्टॉलवर काही घ्यायचं नाही असं ठरवलं. दोन मॅचनंतर पाई विकणारी एक बाई मला बाहेर भेटली, माझी पोर तिला ओळखायची, ती म्हणाली तिला ह्या शनिवारी बोलावलंच नाही, गर्दी नाही म्हणून माणसं कमी केली. तिला तासावर पैसे मिळायचे. मालकाला त्या दोन हजार पौंडांनी काही फरक पडला नव्हता, तिच्या घरचं आठवड्याचं सामान गेलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी काही बोललो नाही. पुढच्या मीटिंगला आम्ही तो बॉयकॉट मागं घेतला आणि ज्यांचे तास कापले होते त्यांच्यासाठी गेटबाहेर डबा फिरवला. तेव्हापासून कुठलाही बॉयकॉट ठरवताना पहिला प्रश्न हा, की ह्यात आधी कोण मरतं. तासावरचे लोक आधी मरत असतील तर दुसरं काहीतरी शोधा. सीझन तिकिटाचं रिन्यूअल उशिरा करणं हा सगळ्यात चांगला मार्ग आहे असं माझं मत, कारण तो पैसा मे-जूनमध्ये एकरकमी येतो, मालक त्यावर उन्हाळा काढत असतो, आणि तेव्हा मॅच नसल्यामुळं हंगामी कामगार भरडला जात नाही. लोकांकडून लेखी घ्या, "मागणी मान्य झाली की त्याच दिवशी पैसे भरतो", आणि एकूण रक्कम दर आठवड्याला जाहीर करा.

स्पॉन्सरला लिहिताना शिव्या नाहीत. सभ्य पत्र, कागद जोडलेले, आणि एकच प्रश्न, तुमचं नाव ह्याच्याशी जोडलेलं तुम्हाला चालतंय का.

ग्राउंडच्या आत

जर्मनीनं ह्यात शाळा घ्यावी. तिथं ५०+१ चा नियम आहे, म्हणजे क्लबमध्ये निम्म्याहून जास्त मतं सभासदांची, त्यामुळं चाहत्याला आपण पाहुणे नाही ही जाणीव पक्की आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लीगनं मीडिया हक्कांतला हिस्सा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, साधारण १०० कोटी युरो मिळणार होते, ३६ पैकी २४ क्लबनी हो म्हटलं. त्यानंतर दर आठवड्याला स्टँडमधून टेनिस बॉल आणि चॉकलेटची नाणी मैदानात पडायला लागली, रिमोटच्या गाड्यासुद्धा पिचवर आल्या, पहिली बारा मिनिटं शांतता, मॅच थांबायची, टीव्हीचं वेळापत्रक कोलमडायचं. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं सगळा व्यवहार सोडून दिला. गुंतवणूकदार टीव्हीचा माल विकत घेत होता, लोकांनी तो मालच बिघडवून दाखवला. नस ओळखणं म्हणजे हेच.

पण इंग्लंडमध्ये हे जसंच्या तसं करू नका. १९९१ च्या फुटबॉल ऑफेन्सेस कायद्यानं मैदानाकडं काहीही फेकणं आणि परवानगीशिवाय पिचवर पाय ठेवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. चार्ल्टन आणि कॉव्हेंट्रीच्या लोकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मिळून प्लॅस्टिकची डुकरं फेकून मॅच थांबवली होती, दोघांचेही मालकांशी वाद होते आणि प्रतिस्पर्धी चाहते एकत्र आले हे फार मोलाचं होतं. रेडिंगच्या लोकांनी १३ जानेवारी २०२४ ला पोर्ट व्हेलविरुद्ध पिचवर जाऊन मॅचच बंद पाडली, मालक दाई योंग्गनं क्लब विकायला शेवटी मे २०२५ उजाडलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यांचा क्लब मरत होता. पण कोर्टानं बॅनिंग ऑर्डर काढली तर तीन ते पाच वर्षं तुम्हाला ग्राउंड बंद, आणि आपल्यापैकी जे व्हिसावर आहेत त्यांनी नीट ऐका, गुन्हा नोंदला गेला तर तो व्हिसाच्या फॉर्मवर लिहावा लागतो. तुमच्या बायकापोरांचं राहणं त्यावर आहे. पिचवर जाऊ नका, फ्लेअर (धूर-जाळाची नळकांडी) घेऊन आत जाऊ नका, तोही गुन्हाच आहे. करण्यासारखं बाकी भरपूर आहे.

उदाहरणार्थ बॅनर. दोन डबल बेडच्या चादरी मधोमध शिवा, घरच्या भिंतीचा इमल्शन रंग घ्या, स्प्रे नको, तो पसरतो आणि गॅरेजमध्ये डोकं दुखतं. आधी पेन्सिलनं चौकटी आखा, मग अक्षरं. अक्षर निदान दोन फूट उंच, आणि शब्द सहाच्या वर नकोत. आमच्या पहिल्या बॅनरवर चौदा शब्द होते, समोरच्या स्टँडमधून ते नुसते काळे डाग दिसत होते. बाहेर मोकळ्या जागेत धरा, शंभर पावलं मागं जा, वाचता येतंय का बघा. क्लब आगीपासून सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट मागू शकतो, तर कापडावर मारायचा स्प्रे मिळतो तो मारून पावती खिशात ठेवा. चादरीला वरून काठी लावू नका, गेटवर काठी काढून घेतात, कडेला वीतभर नाडी शिवा आणि दोन माणसांच्या हातात द्या. आणि ओला बॅनर घडी घालून ठेवायचा नाही, एका आठवड्यात बुरशी धरते, आमचा एक असाच गेला.

रंग हे अजून सोपं हत्यार. युनायटेडच्या लोकांनी २०१० मध्ये लाल सोडून हिरवा-सोनेरी स्कार्फ घातला, क्लबचं पहिलं नाव न्यूटन हीथ होतं तेव्हाचे ते रंग. मार्च २०१० मध्ये एसी मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर खेळून बाहेर पडताना युनायटेडच्याच जुन्या प्लेअरनं, बेकहॅमनं, तो स्कार्फ उचलून गळ्यात घातला, आणि तो फोटो जगभर गेला. मालकाला एक पैसा न देता अख्खं स्टेडियम त्याच्याविरुद्ध बोलतं. तरीही ग्लेझर गेले नाहीत, हेही सांगायला पाहिजे. २०२४ ला रॅटक्लिफ हा उद्योगपती आला तो हिस्सा घेऊन, मोठा भाग त्यांच्याकडंच राहिला.

मोर्चा, पोलीस आणि तोंड सांभाळणं

इंग्लंडमध्ये मोर्चा काढायचा असेल तर १९८६ च्या पब्लिक ऑर्डर कायद्याप्रमाणं पोलिसांना पूर्ण सहा दिवस आधी लेखी कळवावं लागतं, तारीख, वेळ, रस्ता, आयोजकाचं नाव-पत्ता. एका जागी उभं राहायचं असेल तर तशी नोटीस लागत नाही, तरी कळवा. आम्ही दर वेळी कळवतो, आणि त्यामुळं एक हवालदार आमच्यासाठी रस्त्याची एक बाजू बंद करून ठेवायचा. स्वतःचे दहा स्वयंसेवक पिवळ्या जॅकेटमध्ये ठेवा, पोरं आणि व्हीलचेअरवाले मधोमध घ्या, दारू प्यालेल्या माणसाला मागं न्यायला एक शांत डोक्याचा माणूस ठेवा. स्टुअर्डशी (ग्राउंडवर गर्दी सांभाळणाऱ्या माणसाशी) भांडू नका, तोही तासावरच असतो.

लिहिताना जपून. ब्लॅकपूलमध्ये ऑयस्टन कुटुंबानं आपल्याच चाहत्यांवर बदनामीचे दावे लावले, साध्या माणसांना पैसे भरावे लागले. "चोर" लिहू नका. "अमुक तारखेच्या अकाउंट्समध्ये अमुक रक्कम अमुक कंपनीला दिलेली दिसते, ती का दिली?" असं लिहा. हे जास्त लागतं, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. मालकाच्या घरी, त्याच्या पोराच्या शाळेत जायचं नाही. आणि त्याच्या देशावरून, धर्मावरून एक शब्दही स्टँडमधून येऊ द्यायचा नाही. आमच्याकडं एकदा तसं गाणं सुरू झालं, मालक परदेशी होता आणि मीही परदेशीच दिसतो, पोर माझ्याकडं बघत होती. आमच्या कमिटीतल्या दोघी जणी सरळ त्या घोळक्यात शिरल्या आणि गाणं बंद पाडलं. कमिटीत असे लोक पाहिजेत.

आता इंग्लंडमध्ये कायदाही थोडा बाजूला आलाय. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला, पहिल्या पाच डिव्हिजनच्या क्लबांवर स्वतंत्र नियामक आला, मालकाची तपासणी तो करणार, चाहत्यांशी सल्लामसलत क्लबला बंधनकारक, आणि चिन्ह किंवा घरच्या शर्टचा रंग मनाला येईल तसा बदलता येणार नाही. कार्डिफचा निळा शर्ट २०१२ मध्ये लाल केला होता, जानेवारी २०१५ पर्यंत लोक भांडले तेव्हा निळा परत आला, ती वेळ आता येऊ नये. तक्रार करताना तेच कागद जोडा जे पहिल्या दिवशी काढलेत.

आपल्याकडं

भारतात हे सगळं कठीण आहे, कारण बऱ्याच ठिकाणी क्लब म्हणजे फ्रँचायझी आणि फ्रँचायझी म्हणजे कुणाची तरी कंपनी. पुणेकरांना २०१९ आठवत असेल, एफसी पुणे सिटी बंद झाला, त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं, आणि बालेवाडीला ढोल घेऊन जाणाऱ्या पोरांना कुणी विचारलंही नाही. पण कोलकात्याकडं बघा. २०२० ला मोहन बागानच्या नावाआधी एटीके हे दुसऱ्या फ्रँचायझीचं नाव लागलं, लोकांनी तीन वर्षं "रिमूव्ह एटीके" सोडलं नाही, बॅनर, सोशल मीडिया, स्टेडियम, जिथं मिळेल तिथं एकच वाक्य. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची फायनल जिंकल्यावर त्याच रात्री मालक संजीव गोएंकांनी जाहीर केलं की एटीके जाणार. मागणी दोन शब्दांची होती. उलट जुलै २०२१ मध्ये ईस्ट बंगालच्या तंबूबाहेर (तिथं क्लबच्या ऑफिसला तंबू म्हणतात) क्लब आणि गुंतवणूकदाराच्या करारावरून लोक जमले तेव्हा पोलिसांचा लाठीमार झाला. आपल्याकडं पोलीस स्टेशनची परवानगी लेखी घ्या, जमावबंदी लागू आहे का ते विचारा, आणि एखादा वकील फोनवर ठेवा. कंपनीचे कागद कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर थोडी फी भरून मिळतात, तिथंही तोच खेळ, आधी वाचायचं.

लांबलं तर

कधी कधी क्लब वाचत नाही. मे २००२ मध्ये लंडनचा विम्बल्डन हा क्लब मिल्टन कीन्स ह्या दुसऱ्या गावाला हलवायची परवानगी मिळाली, लोकांनी त्याच उन्हाळ्यात विम्बल्डन कॉमनच्या गवतावर ट्रायल घेऊन स्वतःची टीम काढली, २०११ ला ती वर चढत पहिल्या चार डिव्हिजनमध्ये आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेनला स्वतःच्या ग्राउंडवर परतली. कॉव्हेंट्री २०१३-१४ ला नॉर्दम्प्टनमध्ये होम मॅच खेळत होता, तेव्हा मालकाला पैसे द्यायचे नाहीत म्हणून लोक स्टेडियमबाहेरच्या टेकडीवर उभे राहून मॅच बघायचे, पावसात. अठरा महिन्यांच्या आत टीम गावात परत आली. हे वाचलं की मला तालमीची वर्गणी आठवते, दारोदार वही घेऊन फिरणारी पोरं.

आमच्या क्लबला गेल्या वर्षी नवा मालक मिळाला. बरा वाटतो. ट्रस्ट आम्ही बंद केला नाही. त्याच्या पहिल्या आठवड्यात तिघं जण भेटायला गेलो, अभिनंदन केलं, आणि तोच कागद पुढं ठेवला, ग्राउंड कुणाच्या नावावर आहे, कधी परत आणणार, तारीख सांगा. त्यानं तारीख दिली, आम्ही लिहून घेतली. अकाउंटंट काकांनी ती फ्रिजवर चिकटवलीय. ३० जून. बॅनर गॅरेजमध्ये आहे, कोरडा.